अर्बाबची अमानत

एकनाथ: थांबा, थांबा. म्हणजे शेवटपर्यंत पेटी उघडलीच नाही त्यानं?

हुसैनमियाँ: नाही.

एकनाथ: वर्षभर दर शुक्रवारी तुमच्या शेजारी बसून ती चिनी सिरियल बघितली, चाचा. शेवटच्या भागाला नेमकं मला अझैबाला एसी दुरुस्तीला पाठवलं. खाली अरबीत येतं ते नीट वाचलंत ना?

हुसैनमियाँ: अठ्ठावीस वर्षं इथं आखातात, बरक्यात कपडे शिवतोय. तेवढी अरबी येते मला. जुना राजा मरताना म्हणाला होता, ही पेटी सांभाळ, कुणाच्या हाती देऊ नकोस. राज्य गेलं, नवा राजा बसला, झेंडेसुद्धा बदलले. ह्यानं पेटी सोडली नाही.

एकनाथ: आणि ती? लाल पट्ट्यावाली? एकाच गुरूकडे तलवार शिकलेली दोघं. किती जीव होता तिचा.

हुसैनमियाँ: ती नाव घेऊन नदीवर थांबलेली. दरवर्षी यायची, चल म्हणायची. शेवटी नव्या राजाची माणसं आली. एकटा लढला रे. ती पोचली तेव्हा संपलं होतं सगळं. तिनं त्याला नावेत निजवलं, पेटी छातीवर ठेवली आणि नाव सोडून दिली.

एकनाथ: न उघडता?

हुसैनमियाँ: अमानत होती.

एकनाथ: मी असतो तर पहिल्याच दिवशी कुलूप तोडून तिच्याबरोबर पळालो असतो.

हुसैनमियाँ: म्हणून तुला कुणी पेटी सांभाळायला देत नाही.

एकनाथ: बरं, राहू दे. सालेम काय म्हणाला? दुकानाचा मालक आता तोच ना?

हुसैनमियाँ: काय म्हणणार. बाप, म्हणजे आमचे अर्बाब, जाऊन महिना झाला, पोराला शिलाईत रस नाही. दुकान खलास, तिथं मोबाइल विकणार. मला म्हणाला, चाचा, घरी जा, तिकीट काढतो. पण माझा पासपोर्ट सापडत नाही, तो अर्बाबकडेच असायचा. अर्बाबचं कपाट तीनदा उपसलं त्यानं.

एकनाथ: एम्बसीत जाऊ या. नवा काढू.

हुसैनमियाँ: त्याला महिना जाईल. माझ्या खतिजाची पहिली बरसी बारा दिवसांवर आलीय. मयतीला गेलो नाही मी. निदान त्या दिवशी तिच्या कबरीपाशी उभं राहायचंय. एवढंच मागणं आहे माझं, दुसरं काही नाही.

एकनाथ: तेव्हाच जायचं होतं ना, ती आजारी होती तेव्हा.

हुसैनमियाँ: पासपोर्ट अर्बाबकडे. ते लकव्यानं पडलेले, जीभ गेलेली, सालेम परदेशात शिकायला. वाचा गेलेल्या माणसाकडे कसं मागायचं? सत्तावीस वर्षांत मी जेवलो का विचारल्याशिवाय त्यांनी दुकान बंद केलं नाही.

एकनाथ: चाचा, एक विचारू? तुमच्या ट्रंकेत ती पांढरी पिशवी आहे, शिवलेली. अर्बाबचीच ना?

हुसैनमियाँ: त्यांची अमानत आहे. पहिला झटका आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दिली. म्हणाले, जवळ ठेव, कुणाला देऊ नकोस. आठवड्यात जीभच गेली. जाताना सालेमला द्यावी का, तेच कळत नाही.

एकनाथ: आत काय आहे?

हुसैनमियाँ: मी कधी दाबूनसुद्धा बघितलं नाही. स्वतःच्या हातानं शिवली होती त्यांनी, वाकडी तिकडी. एवढं माझं मशीन समोर असताना.

एकनाथ: आणा बघू इकडे. उघडत नाही, हात लावतो फक्त.

हुसैनमियाँ: घे. जपून.

एकनाथ: चाचा.

हुसैनमियाँ: काय रे?

एकनाथ: कात्री घ्या. तुम्हीच उसवा.

हुसैनमियाँ: वेडा झालास? दुसऱ्याची वस्तू.

एकनाथ: दुसऱ्याची नाही, चाचा. छोटं पुस्तक आहे आत. पुठ्ठा लागतोय हाताला. माझं ऐका एकदा.

(हुसैनमियाँ कात्रीच्या टोकानं टाके उसवतात. आतलं पुस्तक काढून एकनाथपुढे धरतात.)

हुसैनमियाँ: चष्मा नाही माझ्याकडे. तूच वाच.

एकनाथ: वाचायचं काय त्यात. फोटो तुमचाच आहे.

हुसैनमियाँ: दीड वर्षं माझ्याच ट्रंकेत होता.

एकनाथ: बसा तुम्ही. पाणी घ्या.

हुसैनमियाँ: खतिजाचं दुखणं वाढलं तेव्हा मी अर्बाबच्या उशाशी बसून रडलो होतो. ते एका हातानं सारखे ह्या खोलीकडे बोट दाखवायचे. मी म्हणायचो, अर्बाब, घोर नको, तुमची पिशवी नीट ठेवलीय. तर त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मला वाटायचं, समाधान झालं त्यांचं.

एकनाथ: चाचा, आता तिकीट काढू. बरसीला पोचाल तुम्ही. मी आत्ता सालेमला फोन करतो.

हुसैनमियाँ: कर. मीपण तेव्हा तिला फोनवर हेच सांगायचो. पासपोर्ट अर्बाबकडे आहे, हातात आला की लगेच निघतो.

एकनाथ: काय म्हणायच्या चाची?

हुसैनमियाँ: म्हणायची, सावकाश या. मी आहे.