आज कोणता नट आवळला, मॅडम?

...आणि वर मलाच म्हणतात, "मॅडम, तुम्ही दचकता फार!" अहो, दचकू नको तर काय करू? मी आपली फळ्यावर आलेख काढतेय, मागे कुणाची चाहूल नाही, काही नाही, आणि एकदम दारातून, "आज कोणता नट आवळला, मॅडम?" झालं! खडूचे दोन तुकडे! तुम्हाला सांगते, या वर्षी आमच्या महाडच्या कॉलेजात खडू कमी पडले ना, तर चौकशी माझीच होईल.

हे आमचे प्राचार्य, हैदर सर. यांच्या अब्बांचा ट्रक होता, आयुष्यभर कशेडी घाटात ये-जा. अब्बांची रीत अशी, की गाडी कुठेही थांबली, चहाला म्हणा, जकातीला म्हणा, की खाली वाकून एक नट आवळायचा. एकच! अख्खी गाडी खोलून बसायचं नाही. "आणि घाटात आमची गाडी एकदाही बंद पडली नाही, मॅडम." आता सर पुण्याला तीन दिवस शिबिराला गेले, सतत गुणवत्ता सुधारणा की काय ते, आणि परत येऊन स्टाफरूममध्ये शांतपणे सांगतात, "तीन दिवस ते लोक जे सांगत होते, ते आमचे अब्बा बिडी विझेपर्यंत करून टाकायचे. उद्यापासून आपणही करू."

आणि आले की हो डबे! सौदीहून दुधाच्या पावडरीचे येतात ना, ते रिकामे डबे. कोंडाजी शिपायाने झाकणाला छिन्नीने चीर पाडली आणि प्रत्येकाच्या वर्गात एकेक ठेवला. दर शुक्रवारी मुलांनी निनावी चिठ्ठी टाकायची, काय कळलं, काय नाही कळलं. आपण वाचायच्या, आणि पुढच्या आठवड्यात एकच गोष्ट सुधारायची. मी म्हटलं, मेले! माझी नेमणूक तासिकांवरची, एका वर्षाची. पुढच्या वर्षी ठेवायचं की नाही ते एप्रिलात ठरणार, आणि मुलं काय लिहिणार? "मॅडमना काढा!" दुसरं काय?

पण एक सांगते हं, सरांनी पहिला डबा लावला तो स्वतःच्या केबिनबाहेर. आणि पहिली चिठ्ठी सगळ्या स्टाफसमोर स्वतः मोठ्याने वाचली. "सर भाषणात फार लांबण लावतात." आम्ही सगळे खाली मान घालून बसलेले, हसावं की रडावं! तर सर म्हणाले, "बरोबर आहे," आणि त्या दिवसापासून भाषणाला उभे राहिले की टेबलावर गजराचं घड्याळ. वाक्य अर्धं असलं तरी घड्याळ वाजलं की खाली बसतात! अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

माझ्या डब्यातली पहिली चिठ्ठी, "मॅडमचा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे येत नाही." रडले. मग घरी न्हाणीघरात दार लावून बादलीत तोंड घालून मागणीचा नियम मोठ्याने म्हटला. आई बाहेरून, "गो, कुणाशी भांडतेस?" दुसरी चिठ्ठी, "मॅडम फळ्याशी बोलतात." बरं, वळले. आता समोर चाळीस डोकी दिसतात, पण वळले! पण तिसऱ्या शुक्रवारी डबा उघडला आणि... सतरा चिठ्ठ्या, एकच मजकूर. "मागणी कळली, पुरवठा नाही." पुन्हा शिकवलं. आधी मागणी, मग पुरवठा, रंगीत खडूने. पुढच्या शुक्रवारी? "मागणी कळली, पुरवठा नाही!" आणि सगळ्या पोलादपूरकडच्या मुलांच्या! कशावरून? अहो, निनावी म्हटलं तरी अक्षर ओळखू येतंच की.

आता खरं सांगते. ही पोलादपूरची मुलं माझ्या तासातून रोज दहा मिनिटं आधी उठून जायची. रोज! बाकं सरकवत, मान खाली घालून. मी आपली पुढे शिकवत राहायची. मला वाटायचं, कंटाळतात मला. तेच सरांना सांगायला गेले, म्हटलं एप्रिलची वाट कशाला बघायची, आजच काय ते होऊन जाऊ दे. "सर, मुलं उठून जातात." सर चिडले नाहीत, काही नाही. म्हणाले, "का जातात?" "मला काय माहीत, सर?" "मग इथे काय करताय? नट कुठला सैल आहे ते गाडीखाली वाकल्याशिवाय दिसत नाही, मॅडम."

गेले वाकायला. म्हणजे त्या मुलांच्या मागोमाग एस. टी. स्टँडवर! तिथे सदू, सतरातला एक, पायरीवर लोंबकळतोय. म्हटलं, "सदू, का रे, माझा पुरवठा एवढा वाईट आहे का?" तो बिचारा लाजला. "नाय हो मॅडम. मागणी चालू हाय तवर आमी बसतो. पुरवठा सुरू झाला का आमची गाडी लागते. ती चुकली तर पुढची पार तिनीसांजेला हाय."

गाडी! माझा कंटाळा नव्हे, गाडी! तुम्हाला सांगते, त्या स्टँडवर, डिझेलच्या धुरात, मला नाचावंसं वाटलं. नाचले नाही. मागून कंडक्टरने घंटी मारली आणि दचकले.

दुसऱ्या दिवशी उलटं केलं. आधी पुरवठा, मग मागणी. काय ते समाधान! शुक्रवारी डबा उघडला... "मागणी कळली, पुरवठा नाही!" पुन्हा तेच! आता हे कोण? तर महाड गावातली मुलं! मधल्या सुट्टीत घरी जेवायला जातात आणि माझ्या तासाला दहा मिनिटं उशिरा येतात. त्यातल्या शगुफ्ताला धरलं. म्हटलं, "वेळेवर उठता येत नाही?" तर ती कपाळाला हात लावून, "मॅडम, आमची मागणी संपते, पण अम्मीचा पुरवठा संपत नाही! भाकरी गरम हाय, अजून एक खा, अजून एक खा..." बघा! जिला विषय कळला नाही म्हणून मी विचारायला गेले, तिने मला पुस्तकांत कधी न सापडलेलं उदाहरण दिलं. ते मी वर्गात वापरते आता.

मग काय, दोन्हींचं सार सुरुवातीला सांगायचं, मध्ये सांगायचं आणि गाडीच्या आधी पुन्हा सांगायचं. तीनदा! मार्चमधल्या शेवटच्या शुक्रवारी तसंच शिकवत होते आणि शेवटच्या बाकावर कोण? हैदर सर! कधी येऊन बसले देव जाणे. खडू मोडला हे सांगायलाच नको. तास संपल्यावर त्यांनीही रांगेत उभं राहून डब्यात चिठ्ठी टाकली, मुलांसारखी.

मुलं गेली तशी धावत जाऊन डबा उघडला. सरांची हिरवी शाई, लगेच ओळखली. "कळलं : मागणी आणि पुरवठा, दोन्ही. नाही कळलं : जूनमध्ये मॅडम किती वाजता हजर होणार?"

तीनदा वाचली मी ती. तिथेच, बाकावर बसून. डोळ्यांना पाणी, ओढणीला खडू, सगळं एक झालं. म्हटलं, सुटले बाई! आता कुणी काही लिहो. आणि त्याच तंद्रीत डब्यातली पुढची चिठ्ठी उघडली. सदूचं अक्षर.

"मॅडम, सगळा समाजला. पण तुमी येकच गोष्ट तीन-तीनदा का सांगता?"

आणि दारातून, "आज कोणता नट, मॅडम?"