फॉर्मवर लिहिलेलं कारण

नाही काकू, दात माझा नाही, बाबांचा. ते आत आहेत. बसा ना, मी सरकतो — वरचा, पुढचा दात, मुळापासून चिरलाय. डॉक्टर म्हणाले, काढायचा आणि लगेच त्याच खड्ड्यात स्क्रू बसवायचा, आजच. वर तात्पुरता दात. म्हणजे उद्या दुकानात उभे राहिले तरी कुणाला कळायचं नाही. बरंच आहे की — नाही का?

कशानं? काहीतरी कडक चावलं. फॉर्मवर तसंच आहे. मीच लिहिलं. बाबा चष्मा विसरले — विसरले कसले, खिशातच होता, मी पाहिला ना. पण सगळ्यांसमोर म्हणाले, 'माझा मुलगा लिहील.' मी सातवीत शाळा सोडली काकू, आमच्या कुलपांच्या दुकानात बसलो — अक्षरं जुळवत लिहितो अजून. तर ते एकेक शब्द थांबून थांबून सांगत होते. हसले नाहीत. परवा हसले होते. मला परत परीक्षेला बसायचंय, म्हणून गल्ल्यामागे पुस्तक वाचत होतो, मोठ्यानं, एका शब्दावर अडकलो — तर त्यांनी तो माझ्यासारखाच अडखळत म्हणून दाखवला. दोनदा. गिऱ्हाईकही हसलं. मग — मग काय, चावलं त्यांनी काहीतरी. कडक.

हात? हा होय. शटर लागलं. सुजलाय जरा, दुखत नाही. काहीच दुखत नाही खरं तर, राग नाही, रडू नाही, सकाळचा चहासुद्धा गरम लागला नाही — एवढंच की डॉक्टरांनी विचारलं होतं, 'मार वगैरे नाही ना लागला? मार असेल तर पुढची हाडाची पातळ भिंत तडकलेली असू शकते, एक्स-रेच्या फोटोत दिसतेच असं नाही. मग आज स्क्रू नको, आधी हाड भरू दे. नाहीतर हलायचा.' बाबा म्हणाले, 'छे हो!' मग डॉक्टर माझ्याकडे वळले. मीही म्हणालो, छे. वाचवलं मला त्यांनी, काकू. आणि मी — आता तर त्यांचं तोंड बधिर केलंय, सांगायचं म्हटलं तरी — सांगणारच नाहीत म्हणा. मेले तरी नाही.

असं काय बघताय? — ताई! ओ नर्सताई, दार लावू नका. दात निघाला? स्क्रू बसवला नाही ना अजून? डॉक्टरांना थांबायला सांगा, फॉर्मवर खोटं लिहिलंय. मारलं मी त्यांना. हो, मुलगाच मी.

तुम्ही बसा काकू. माझं झालं बोलून.