अमेरिका मुंबईपेक्षा जवळ

देवराव : पेटी खाली ठेव आक्का. सकाळीसकाळी कन्हानहून एकटीच काहून आली?

अंजनाबाई : तार आली गा. तुह्या भाचीले दवाखान्यात नेलं.

देवराव : प्रेमिलाले? अवं, तिले तर अजून महिना आहे!

अंजनाबाई : पोटातल्या लेकराले कॅलेंडर समजते का? कळा सुरू झाल्या. तू हापिसातून फोन लाव, माहं पुढच्या महिन्याचं तिकीट आजचं करून घे. पासपोर्ट, व्हिसाचे शिक्के, सारं हाय. डिंकाचे लाडूबी घेतले.

देवराव : पण पोचणार कधी तू?

अंजनाबाई : नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून आज मुंबई. पहाटेचं विमान, दुपारी न्यूयॉर्कले पोरीपाशी. पहिलटकरीण हाय, एवढा वेळ तं घेतेच. मुंबईच्या गाडीले अख्खी रात लागते, हे त्याहून जवळ.

देवराव : न्यूयॉर्क मुंबईपेक्षा जवळ? कोणं सांगितलं तुले?

अंजनाबाई : प्रेमिलानंच. लग्नाच्या आधी म्हणे, पहाटे मुंबईले बसलं का त्याच दिवशी दुपारी तिथं उतरते माणूस. म्हणून तं मी या सोयरिकीले हो म्हटलं.

देवराव : आक्का, तिथली दुपार म्हणजे आपली दुपार नाही वं.

अंजनाबाई : दुपार ते दुपारच असते.

देवराव : तिथं सूर्यच उशिरा निघते. आपला दिवस जाते, अर्धी रात्र उलटते, तेव्हा तिथं दुपार. तोपर्यंत विमान उडूनच राहते. बारा हजार किलोमीटरच्या वर आहे. नागपूर-मुंबई पंधरा खेपा जा, तेवढं.

अंजनाबाई : पंधरा?

देवराव : हो.

अंजनाबाई : खोटं बोलून राहिला तू. मले थांबवाले.

देवराव : तुह्याशी खोटं काहून बोलू?

(अंजनाबाई पेटीवरच बसतात.)

अंजनाबाई : अरे बापा... दोन वर्षं झाली गा. रोज सकाळी चहा ठेवताना मी म्हणतो, आता पोरगी उठली असंन. अन् मी तिले एवढ्या दूर देली? माह्या हातानं?

देवराव : मले वाटलं, तुले ठाऊक असंल.

अंजनाबाई : ठाऊक असतं तं देली असती का? अन् तिनं तरी काहून नाही सांगितलं?

देवराव : सांगितलं असतं, तर तू जाऊ दिलं असतं?

अंजनाबाई : आता किती वाजले तिथं?

देवराव : इथं साडेआठ. तिथं कालचीच रात्र आहे. दहा वाजले असतील.

अंजनाबाई : म्हणजे पोरीची सारी रात अजून जावाचीच हाय.

देवराव : हो.

अंजनाबाई : तिकीट मंग कर. आधी दवाखान्यात फोन लाव गा. दुखलं का ती मलेच हाक मारते.