नाईस सोडून बोला

मरोळच्या शेअर रिक्षाच्या रांगेत रतनकाकांच्या पुढे दोन मैत्रिणी उभ्या होत्या.

"संघमित्रा, मुलाखतीचं बोल!"

"हॉटेलच्या मॅडमनी सगळ्यांना चहा दिला. म्हणाल्या, कसा आहे ते इंग्लिशमध्ये सांगा. फक्त 'नाईस' म्हणायचं नाही."

"मग? आपण पाठ केलेले शब्द?"

"बाकीच्यांनी संपवले गं. लव्हली, प्लेझंट, डिलाइटफुल..."

"वाट लागली! तू काय म्हणालीस?"

"कोल्ड."

"वेडी आहेस का?"

"थंडगार होता यार!"

"काका, एकच सीट आहे. तुम्ही जा."

"नको, नोकरीचं कळू दे आधी!"

"मॅडमनी स्वतः घोट घेतला, काका. म्हणाल्या, सोमवारपासून ये."

"झकास!"

"दिशा, आईला फोन लाव. म्हणावं, चहा ठेव. उकळता!"