दुप्पट लांबची खाट

मंडळी, ऐका. कीर्तनं करून घसा बसलाय, हावभाव करायचं त्राण नाही, सरळच विचारतो. घरातलं माणूस दुप्पट लांब ठेवलं, तर ओढ किती उरते? निम्मी? बघा — पुढच्या रांगेतल्या माना लगेच हलल्या!

शैलजा बोराटे ही हायस्कुलातली विज्ञानाची बाई. दरवर्षी फळ्यावर लिहायची — दोन विद्युतभारांमधलं अंतर दुप्पट केलं की जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट केलं की नववा हिस्सा. पोरं विसरायची, ही पुन्हा लिहायची.

घरी सासू, गयाबाई. स्वयंपाकघराला लागून तिची खाट, अन् दिवसभर दोघींची धुसफूस. पंखा का लावला, टीव्ही का बंद केला. दमून आलेली शैलजा एकदा नवऱ्याला म्हणाली, आत्याबाईंना मागच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू. विलास म्हणाला, अंगणापलीकडेच तर आहे. खाट हलली, भांडण मिटलं. घर कसं शांत! तुम्हालाही आवडते अशी शांतता, ठाऊक आहे मला.

मग दुपारचा चहा तिकडं जाईना. विचारपूस दारातूनच व्हायला लागली. ताट ठेवायचं अन् वळायचं.

थंडीतल्या एका सकाळी शैलजा आत गेली, तर कालच्या ताटाला मुंग्या. म्हातारी जेवलीच नव्हती. केसांचा गुंता झालेला. शैलजा फणी घेऊन मागं बसली. प्लॅस्टिकची फणी, कोरडे पांढरे केस — तडतड व्हायला लागली. फणी जवळ नेली की केस उठून तिच्याकडं झेपावत. जराशी लांब धरली की मुकाट खाली पडत.

"थांबलीस का गं?"

"केस उठतायत, आत्याबाई."

"उठू दे. कुणीतरी उठून आलंय माझ्याकडं."

शैलजाचा हात तिथंच राहिला. ढकलणं असो की ओढणं, नियम एकच — हे ती वर्षानुवर्षं शिकवत होती. लांब ठेवून भांडण विझवलं, त्याच हिशेबानं मायाही विझत चालली होती.

तिनं विलासला बोलावलं. खाटेचं दुसरं टोक धर म्हणाली.

"पुन्हा कटकट सुरू होईल," तो म्हणाला.

"होऊ दे. धर."

अन् झाली की! त्याच संध्याकाळी, आमटी पातळ म्हणून. पण म्हातारी बोलत बोलत दोन भाकरी जेवली.

माया म्हणजे वीज नव्हे, असं म्हणाल. नसेल. पण तुमच्यातल्या किती जणांचे आईबाप आज पत्र्याच्या खोलीत एकटे जेवले? माना खाली गेल्या. मला नमस्कार नकोत, हार नकोत. आरती लवकर उरकतो. घरी जा, अन् आपलं ताट घेऊन त्यांच्याजवळ बसा. ते भांडतील. भांडू द्या.