बहिऱ्या घड्याळजीचे पुरावे

मी, खाली सही करणारी, वय ५८ वर्षे, धंदा मुद्रितशोधन, म्हणजे छपाईआधी पुस्तकातल्या चुका काढणे, राहणार छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे धाकटे दीर असे दोघेच राहतो. माझे यजमान सात वर्षांपूर्वी वारले. भावजी रहस्यकथा लिहितात. त्यांच्या मालिकेचे पाच वर्षांत पाच भाग निघाले असून सहावा, शेवटचा, सोमवारी छपाईला जायचा आहे. पाचही भागांची प्रुफे मीच तपासली.

आज सकाळी अकराच्या सुमारास भावजी त्यांच्या खोलीतून ओरडले की, वहिनी, तुम्ही पाच वर्षं पुरावे नष्ट केलेत, आता खुनी सुटणार. हे खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी ऐकून ठाण्यात फोन केला. वाक्य त्यांनी शब्दशः बरोबर सांगितले आहे. अर्थ तेवढा भलताच लावला.

मालिकेत एक बहिरा घड्याळजी आहे. दर भागात दोन-तीन पानांपुरता येतो, घड्याळ दुरुस्त करतो, जातो. पहिल्या भागात दाराची घंटा वाजताच त्याने मान वळवली. बहिरा माणूस घंटेने वळेल कसा, म्हणून मी तिथे घंटेऐवजी दारातून उजेड पाडला. दुसऱ्या भागात पाठमोरा असताना त्याने कोणाचे तरी बोलणे ऐकले. मी त्याला समोर तोंड करून बसवले. चौथ्यात त्याने गाण्यावर बोटांनी ठेका धरला, तेव्हा मी गाणेच काढून टाकले. थोडक्यात, त्याला मी पाचही भागांत चोख बहिरा ठेवला.

लेखकाला विचारायला हवे होते, हे मान्य आहे. पण भावजी आधीच विसरभोळे. चहा प्यायलो की नाही, हेही मलाच विचारतात. मला वाटले, बिचारे विसरले. छापून आलेले पुस्तक ते कधी उघडत नाहीत. एखादी चूक दिसली तर आठवडाभर त्यांना अन्न गोड लागत नाही.

आज शेवटच्या प्रकरणात जुन्या खुणांच्या पानांचे आकडे द्यायचे म्हणून त्यांनी पाचही भाग उघडले. घड्याळजीच खुनी, बहिरेपण त्याचे सोंग आणि त्याला ऐकू येते, याची एकही खूण शिल्लक नव्हती. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवलेला आहे. कोणत्या भागात कोणती खूण पेरायची, ते त्यात लिहिले आहे. कपाटाला कायम कुलूप असे. प्रकाशकांना शेवट माहीत होता, बाइंडरला माहीत होता, फक्त मला नाही. कारण विचारता भावजी म्हणाले, "तुम्हाला एकदा तरी फसवायचं होतं." यावर मला रडू आले. तेही लिहून घ्यावे.

नंतर भावजी हस्तलिखित व काडेपेटी घेऊन मोरीत गेले. वाचक म्हणतील खुनी आयत्या वेळी उपटला, त्यापेक्षा जाळलेले बरे, असे त्यांचे म्हणणे पडले. मी दारात उभी राहून त्यांना सांगितले की, जुनी प्रुफे माझ्या लाल शाईसकट पेटीत आहेत, ती पाने शेवटच्या भागात जशीच्या तशी छापा. गुप्तहेराचे अहवाल टाइप करणारी एक बाई मालिकेत आहेच. घड्याळजीच्या खुणा तीच पुसत होती, असे दाखवा.

"पण ती का पुसेल?" भावजींनी विचारले.

"त्याची वहिनी आहे ती," मी म्हणाले.

भावजींनी काडेपेटी खाली ठेवली. मग त्यांनी विचारले की, बाईला शेवटी सोडून द्यावे का. मी नको म्हणाले. पुरावे नष्ट केलेत, शिक्षा हवीच. फक्त दोघांना एकाच कोठडीत ठेवा, नाहीतर त्याच्या खाण्यापिण्याचे कोण बघणार.

"वहिनी, बायकांना आणि पुरुषांना एका कोठडीत ठेवत नाहीत," भावजी म्हणाले. "चुकलात तुम्ही."

छत्तीस वर्षांत माझी चूक कोणी काढली नव्हती. त्यांचा चेहरा इतका खुलला की, ती मी मुद्दाम केली होती हे त्यांना सांगितले नाही. ठाण्यातूनही कोणी सांगू नये, ही विनंती.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून सही करते.