उद्याच्या भाषणातून वगळलेले शब्द

तोकुजी : "माणूस आणि काच यांच्यात फरक एवढाच, की काच कापली की उजळते." कसं वाटतंय?

हात्सुको : लग्नाच्या भाषणात पहिल्याच वाक्याला कापलंत.

तोकुजी : अगं, मी काच कापणारा. उद्या जिचं लग्न आहे ती माझी शिष्या, तीही काच कापणारी. मग काय, आम्ही दोघं मिळून भाजी निवडतो म्हणून सांगू?

हात्सुको : फुसा आजींची यादी समोर ठेवा. कापणं, फुटणं, तुटणं, मोडणं, परत, शेवटी. शिवाय जोडशब्द नकोत. एकच शब्द दोनदा आला की लग्नही दोनदा होतं म्हणे.

तोकुजी : ही नवऱ्या मुलाची आजी आहे की मीठ बंद करणारा डॉक्टर?

हात्सुको : सून काच कापते हेच मुळात त्यांना अशुभ वाटतं. उद्या मुख्य पाहुण्यांचं, म्हणजे तुमचं भाषण ऐकून त्या ठरवणार, चिनात्सुनं काम ठेवायचं की सोडायचं. ती गेली तर काचेवर मासळीच्या अंड्यांसारखी ती बारीक नक्षी कोण काढणार? परवा तुम्ही शेजारच्यांच्या मांजराला उशी समजून टेकलात.

तोकुजी : मांजर झोपलं होतं. बरं, ऐक पुढे. "सात वर्षांपूर्वी चिनात्सु कामेइदोला आमच्या कारखान्यात आली. हळूहळू शिकली."

हात्सुको : हळू दोनदा.

तोकुजी : "हळू शिकली."

हात्सुको : आता मठ्ठ वाटते.

तोकुजी : "पटकन शिकली." पटापट म्हणालो नाही, लक्षात घे. "पहिल्या वर्षी तिच्या हातून दोनशे पेले फु..."

हात्सुको : अं.

तोकुजी : "...दोनशे पेले वाढले."

हात्सुको : लोकांना वाटेल धंदा जोरात होता.

तोकुजी : वाटू दे. "आमचं काम साधं. निळा पेला फिरत्या चाकाला टेकवायचा, आणि..."

हात्सुको : आणि?

तोकुजी : "...आणि निळ्याखालची पांढरी काच आपण होऊन बाहेर येण्याची वाट बघायची."

हात्सुको : अंड्यावर बसल्यासारखी.

तोकुजी : मग केकचं काय करणार आहेत? तो तरी कापतील की नाही?

हात्सुको : केक कापत नाहीत. निवेदक म्हणतो, "आता वधूवर केकमध्ये सुरी खुपसतील."

तोकुजी : आणि ते शुभ.

हात्सुको : फार. समारंभसुद्धा संपत नाही, उघडतो.

तोकुजी : उघडतो, तर लोक घरी का जातात?

हात्सुको : हसवू नका हो, चहा सांडला माझा.

तोकुजी : सांडणं आहे का यादीत?

हात्सुको : थांबा. नाही, सांडणं नाही.

तोकुजी : मग भाषण सांडण्यावरच करतो. बासष्ट वर्षांचा माणूस निदान तेवढं अधिकाराने बोलू शकतो.

हात्सुको : अहो, तुम्हाला तिच्याबद्दल खरं काय सांगायचंय? यादी बाजूला ठेवा. मला सांगा.

तोकुजी : काळी काच असते ना, तिच्यातून पलीकडचं काही दिसत नाही. चाक कुठे लागलं ते आवाजावरून ओळखायचं. मला ते जमायला बावीस वर्षं लागली. तिला चार. मी तिला कधी सांगितलेलं नाही. एवढंच.

हात्सुको : मग हेच सांगा. यात यादीतला एकही शब्द नाही.

तोकुजी : भाषणात हे म्हणायला गेलो तर माझा आवाज फुटणार नाही.

हात्सुको : फुटणं यादीत आहे.

(दार सरकवून चिनात्सु आत येते.)

चिनात्सु : उस्ताद, काकू, दोघं हसताय की रडताय?

हात्सुको : अजून ठरलेलं नाही. तू इथे कशी? फुसा आजी काही म्हणाल्या का?

चिनात्सु : तेच सांगायला आले. काम सोडायचं नाही म्हणाल्या. सोमवारपासून मी चाकावर.

तोकुजी : भाषण न ऐकताच?

चिनात्सु : त्यांचं म्हणणं, हातात कसब असलं की बाईला हवं तेव्हा घर सोडून जाता येतं.

हात्सुको : लग्नाच्या आदल्या दिवशी म्हणाल्या?

चिनात्सु : अनुभवाने म्हणाल्या, काकू. त्यांची तीन लग्नं झाली. पहिल्यात मुख्य पाहुणे "शेवटी" म्हणाले, ते दोन वर्षांत मोडलं. दुसऱ्यात कोणीतरी "परत एकदा अभिनंदन" म्हणालं, ते अकरा महिन्यांत.

तोकुजी : आणि तिसऱ्यात?

चिनात्सु : तिसऱ्यात भाषणच ठेवलं नव्हतं. एकेचाळीस वर्षं टिकलं.

हात्सुको : म्हणून ही यादी. बघा, मी म्हणत होते ना, काहीतरी कारण असणार.

तोकुजी : तीन पानं पाठ केलीत मी, पोरी. एक शब्द चुकायचा नाही. बसतेस? म्हणून दाखवतो.

चिनात्सु : उस्ताद, हॉलवरून आत्ताच छापील कार्यक्रम आलाय. तुमच्या भाषणाच्या जागी सूप आहे.